घोंगडीच्या आधीचं सूत

घोंगडी म्हटलं की आपल्याला मेंढपाळ आठवतो. फार तर विणणारा सनगर. सूत कातणारी बाई मात्र कुणालाच आठवत नाही.

माण, आटपाडी, जत, सांगोला या आपल्या दुष्काळी पट्ट्यात दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जायची. कातरायचं काम पुरुषांचं, कातायचं बायकांचं. स्वयंपाक, पाणी, लेकरं उरकून उरलेल्या वेळात म्हातारी, सून, लेक पिंजलेल्या लोकरीचं सूत काढायच्या. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यात मऊ, तिची घोंगडी मानाची. मग सूत मागावर जायचं, त्याला चिंचोक्याची खळ लागायची.

विणण्यापेक्षा कातायलाच जास्त वेळ जायचा. पण दाम ठरायचा तो विणलेल्या घोंगडीचा. कातणं घरकामात जमा!

पुढं पानिपतची स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली. मेंढ्याही मटणासाठी पाळल्या जाऊ लागल्या. आपल्या जतची माडग्याळ मेंढी अंगानं भरते, पण लोकर जेमतेम. आता कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील झालंय.

गांधीजींमुळं कापसाचा चरखा इतिहासात गेला. लोकरीचा माळ्यावर गेला.

घोंगडी वाचवायच्या गोष्टी निघतील तेव्हा मंडळी, दोनच प्रश्न विचारा : मागाला सूत कोण देणार? आणि तिला मजुरी किती मिळणार?

तुमच्या घरी कातणारी आजी असेल तर तिच्याकडून ऐकून घ्या. लिहून ठेवा.