सात सत्तें एकूणपन्नास : चिनी स्त्रियांचें उत्तरवय

स्त्रीच्या आयुष्याची मोजणी सातांच्या पटीनें करावी, असें चीनच्या प्राचीन वैद्यांनीं ठरविलें होतें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या वैद्यकग्रंथांत पीतसम्राट् आपल्या छी-पो नामक वैद्यास विचारतो कीं, वय झालें म्हणजे माणसास अपत्य कां होत नाहीं ? छी-पो सांगतो : सातव्या वर्षीं मुलीचे दुधाचे दांत पडून नवे येतात, चौदाव्या वर्षीं ऋतुप्राप्ति होते, आणि सात सत्तें एकूणपन्नास भरलीं म्हणजे ऋतु थांबतो. आपल्या सुश्रुतसंहितेंतही ही मर्यादा पन्नासच सांगितली आहे.

आधुनिक मोजणीनें हा अंदाज फारसा ढळलेला नाहीं. २००४ ते २००८ या काळांत चीनच्या दहा विभागांत पांच लक्षांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. तींत सुमारें तीन लक्ष स्त्रिया होत्या. त्यांच्या रजोनिवृत्तीचें सरासरी वय पन्नाशीच्या किंचित् अलीकडेच आढळलें.

परंतु सरासरीच्या पोटांत पुष्कळ दडलेलें असतें. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीचा ऋतु साधारणतः वर्ष-दोन वर्षें आधीं थांबतो. दारिद्र्य व निकस आहार यांचाही परिणाम तसाच होतो. याचें मूळ कधीं कधीं जन्मापूर्वीच असतें. स्त्रीबीजांचा सारा सांठा मुलगी मातेच्या उदरांत असतांनाच तयार होतो. पुढें तो केवळ घटत जातो. म्हणूनच १९५९ ते १९६१ च्या भीषण दुष्काळांत ज्या मुली गर्भांत वा पाळण्यांत होत्या, त्यांच्यांत ऋतु लौकर थांबण्याचें प्रमाण अधिक असल्याचें संशोधकांस दिसून आलें. मातेच्या उपासमारीचा हिशेब मुलीला पन्नाशीच्या उंबरठ्यावर चुकवावा लागला !

आतां या वयांतील व्यथांचा विचार. जुन्या चिनी वैद्यकांत त्यांस स्वतंत्र रोगाचें स्थान नव्हतें. इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्यानें कारण नसतां रडूं येणाऱ्या, अस्वस्थ स्त्रीसाठीं ज्येष्ठमध, गहूं व चिनी बोरें यांचा काढा सांगितला. पण तो कोणत्याही वयास लागू होता. या अवस्थेस आज रूढ असलेलें नांव विसाव्या शतकांत जपानी भाषेंतून आलें, आणि तिच्यासाठीं खास काढा शांघायच्या वैद्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केला.

१९९६ सालीं अमेरिकेंत निरनिराळ्या वंशांच्या स्त्रियांची दीर्घ पाहणी सुरू झाली. अंगांतून एकाएकीं उष्णतेची लाट उठणें ही तक्रार चिनी व जपानी वंशाच्या स्त्रियांत सर्वांत कमी निघाली. यावरून चिनी स्त्रियांस हा काळ सुखाचा जातो, असा समज पसरला. त्याचें श्रेय कोणी सोयाबीनच्या आहारास दिलें. हाँगकाँगमधील पाहण्यांनीं वेगळें चित्र दाखविलें. तेथील स्त्रियांची मुख्य तक्रार सांधे व स्नायू दुखण्याची होती. पाश्चात्त्य वैद्यांनीं उष्णतेच्या लाटा हेंच मुख्य लक्षण धरलें असतां गुडघ्यांची वेदना हिशेबांत येणार कशी ?

तात्पर्य, ऋतु केव्हां थांबावा हें बव्हंशीं निसर्ग ठरवितो. तो थांबतांना स्त्रीनें किती सोसावें, यांत मात्र अन्न, श्रम आणि आप्तांची आस्था यांचा वाटा मोठा आहे. घरांतील पन्नाशीची स्त्री तक्रार करीत नाहीं, एवढ्यावरून तिला कांहीं होत नाहीं असें समजूं नये. तिला विचारावें, आणि तिच्या शब्दांत ऐकावें.