दात्री-स्त्रीबीज आणि मातेचे वय

एका स्त्रीच्या बीजांडकोशातून काढलेले स्त्रीबीज प्रयोगशाळेत फलित करून तयार झालेला भ्रूण दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात ठेवण्याची उपचारपद्धती. बीज देणारी ती दात्री. गर्भ वाढवणारी, बाळंत होणारी आणि कायद्याने आई ठरणारी ती माता. दवाखान्यात मात्र सगळे ‘डोनर एग’ असेच म्हणतात. बीजांडकोश अकाली निकामी होणे, कर्करोगाच्या उपचारांत बीजे नष्ट होणे, गंभीर आनुवंशिक आजार अशी या उपचाराची कारणे असली, तरी तो घेणाऱ्यांत मोठा वाटा वय उलटलेल्या स्त्रियांचाच असतो. म्हणून त्याच्या यशाची चर्चा मातेच्या वयापाशी सुरू होते. गंमत अशी, की गर्भ राहण्यापुरता तरी या वयाचा संबंध फार थोडा.

स्त्रीचे वय चाळीस म्हणजे तिच्या प्रत्येक अवयवाचे वय चाळीस, असे आपण धरून चालतो. कॅलेंडरला ते पटते, जननसंस्थेला पटत नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्मताना दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख आणि पाळी जाताना हजारभर. नवी बीजे तयार होत नाहीत. गळती हा प्रश्नाचा एक भाग झाला. उरलेल्या बीजांचा दर्जा हा त्याहून अवघड भाग आहे. प्रत्येक बीज जन्माआधीच आपले विभाजन अर्ध्यावर थांबवून बसते आणि ते पुढे सुरू होते थेट त्या बीजाची सुटण्याची पाळी येते त्या महिन्यात, म्हणजे पंधरा ते पन्नास वर्षांनी. गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिने इतकी वर्षे ताणली जाऊन सैल पडतात आणि वाटणी चुकते. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याची शक्यता विशीत साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीला साडेतीनशेंत एक, चाळिशीला शंभरात एक आणि पंचेचाळिशीला तिसांत एक अशी चढत जाते, ती यामुळे. गुणसूत्रांच्या इतर बहुतेक चुका जन्मापर्यंत पोचतच नाहीत. भ्रूण रुजत नाही किंवा गर्भपात होतो.

गर्भाशयाची गोष्ट वेगळी. त्याचे अस्तर दर महिन्याला नवे येते. पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या गर्भाशयालाही बाहेरून संप्रेरके दिली, की ते अस्तर पुन्हा धरते.

हे दोन अवयव दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात, याचा पुरावा दात्री-बीजानेच दिला. दात्रीच्या बीजापासून गर्भ राहिल्याची पहिली नोंद १९८३ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गटाने केली. तो गर्भ टिकला नाही. मूल जन्मल्याचा वृत्तान्त त्याच विद्यापीठातून १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली माता वयस्क नव्हती, तिचे बीजांडकोश अकाली बंद पडले होते. वयाचा प्रश्न थेट हाताळला तो लॉस एंजेलिसच्या मार्क सॉअर, रिचर्ड पॉलसन आणि रोजेरिओ लोबो यांनी. चाळिशी ओलांडलेल्या, बीजांडकोश निकामी झालेल्या मोजक्या स्त्रियांवरचा त्यांचा प्राथमिक अहवाल १९९० मध्ये आला आणि तरुण दात्रीचे बीज मिळाल्यावर या स्त्रियांना तरुण स्त्रियांसारखाच गर्भ राहतो, असे दिसले. भारतात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी पाळी गेलेल्या व बीजांडकोश अकाली थकलेल्या स्त्रियांसाठी हे तंत्र आणले. त्यातून देशातले पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली टेस्ट ट्यूब बेबी मराठी घरांत अजून आठवते. पाच वर्षांनंतरच्या या मुलाचे नाव कोणी काढत नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी बीज पुरुषाचे आणि क्षेत्र स्त्रीचे अशी वाटणी करून टाकली होती. ‘क्षेत्रज’ पुत्र हा शब्द त्या वाटणीतूनच आला. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फोन बेअर या शास्त्रज्ञाला प्रत्यक्ष दिसले ते १८२७ मध्ये. बाईकडेही बीज असते, ते क्षेत्रापासून वेगळे काढता येते आणि दोघांची वये निरनिराळी असू शकतात, हे कळायला आणखी दीडशे वर्षे गेली.

आकडे बोलके आहेत. स्वतःचे बीज वापरले, तर मूल जन्मण्याचे प्रमाण पस्तिशीनंतर घसरू लागते आणि पंचेचाळिशीला शंभरात एक-दोनावर येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत दात्री-बीजाची रेषा मात्र तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ आडवी आहे. भ्रूण ठेवण्याच्या दर दोन प्रयत्नांत सुमारे एक मूल. आलेखावर या दोन रेषा शेजारी काढल्या, की समुपदेशकाला वेगळे बोलावे लागत नाही. पंचेचाळिशीनंतर आडवी रेषाही किंचित झुकते आणि पन्नाशीनंतर थोडी अधिक, असे स्पेन व अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत दिसले. गर्भाशयालाही वय आहे, ते उशिरा जाणवते एवढेच.

उपचार मातेच्या बाजूने सोपा आहे. एस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर सात-आठ मिलिमीटर जाड झाले, की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि पाच-सहा दिवसांनी भ्रूण ठेवतात. लघवी तुंबवून टेबलावर पडलेल्या बाईला सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटात एक पांढरा ठिपका सरकताना दाखवतात. नवरा मोबाइलवर त्याचा फोटो काढतो. ठिपका असतो भ्रूणाबरोबर नळीतून गेलेल्या हवेच्या बुडबुड्याचा. भ्रूण इतका लहान, की त्या पडद्यावर दिसणे शक्य नाही. डॉक्टर सहसा हे सांगत नाहीत, आणि सांगू नये हेच बरे.

गर्भ राहिला, की वयाचा हिशेब उलटतो. इथून पुढे बीजाचे वय मागे पडते आणि मातेचे हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, साखर यांचे वय पुढे येते. पन्नास ते त्रेसष्ट वर्षांच्या ७७ स्त्रियांवरचा पॉलसन यांच्या गटाचा अहवाल २००२ मध्ये आला. गर्भ राहण्यात वयाची अडचण त्यात दिसली नाही. पण सुमारे ३५ टक्के बाळंतिणींना गरोदरपणातल्या रक्तदाबाचा विकार जडला आणि २० टक्क्यांना मधुमेह. हा रक्तदाब केवळ वयाचा नाही. तरुण स्त्रीनेही दात्री-बीज घेतले, तर तो धोका वाढतो. नेहमीच्या गर्भाचा निम्मा आनुवंशिक वारसा आईचा असतो. इथे सगळाच परका असतो आणि शरीराला तो सामावून घ्यावा लागतो. शिवाय पाळी गेलेल्या स्त्रीत बीज सुटल्यावर तयार होणारा पीतपिंड नसतो. त्याची प्रोजेस्टेरॉनची उणीव वार कामाला लागेपर्यंत, म्हणजे दहा-बारा आठवडे, औषधाने भरता येते. त्याची इतर द्रव्ये भरून निघत नाहीत. जुळे असेल तर सगळेच धोके वाढतात. म्हणून वयस्क मातेला एकच भ्रूण ठेवावा, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. ‘दोन ठेवा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ हा आग्रह जोडप्याचा असतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात गुंटूर येथे ७४ वर्षांच्या स्त्रीने दात्री-बीजातून जुळ्या मुलींना जन्म दिल्याची बातमी जगभर गेली. यात गर्भाशयाची क्षमता सिद्ध झाली, हे खरे. पण अशा बातम्यांत रुग्णालयातले दिवस येत नाहीत, आणि या प्रसंगाला वैद्यकीय यश म्हणणे प्रस्तुत लेखकाला जड जाते.

भारतात साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ याने मर्यादा आखली. उपचार घेणारी स्त्री २१ वर्षांवरची व ५० वर्षांखालची हवी, पुरुष ५५ खालचा. दात्री २३ ते ३५ वयाची. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, तिच्यापासून सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि ती एकाच जोडप्याला द्यावीत. या सातांचे गणित पाहण्यासारखे आहे. इंजेक्शने दिलेल्या तरुण बीजांडकोशात दहा-पंधरा बीजे सहज पिकतात; ती मोजून सातच पिकवणे कोणत्याही डॉक्टरच्या हातात नाही. सातांतली पाच फलित होतात, पाचव्या दिवसापर्यंत त्यातली दोन-तीन पोचतात, आणि तरुण बीजांतही सगळ्यांची गुणसूत्रे बरोबर नसतात. म्हणजे जोडप्याच्या पदरी एक-दोन खरे प्रयत्न. दात्रीला वारंवार टेबलावर घेणाऱ्या दलालांना चाप बसावा हा हेतू योग्यच; आकडा मात्र जीवशास्त्राला विचारून ठरवलेला वाटत नाही. दात्रीला मुलावर कोणताही हक्क राहत नाही. बहिणीने बीज दिलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच स्पष्ट केले.

दोन वयांचा घोळ सर्वांत ठळक दिसतो तो तिसऱ्या महिन्यात, डबल मार्कर चाचणीच्या फॉर्मवर. डाऊन सिंड्रोमची जोखीम काढताना यंत्र रक्तातल्या द्रव्यांइतकाच वयावर भर देते, आणि इथे लागते ते बीज काढले त्या दिवशीचे दात्रीचे वय. सेहेचाळीस वर्षांच्या मातेने सव्वीस वर्षांच्या दात्रीचे बीज घेतले असेल, तर मोजायचे सव्वीस. फॉर्मवर त्यासाठी रकाना असतो. पण सॅम्पल द्यायला बरोबर सासूबाई किंवा जाऊ आलेली असते, ‘डोनर’ हा शब्द घरात कोणाला माहीत नसतो, आणि काउंटरवरची मुलगी मोठ्याने विचारते, ‘आयव्हीएफ आहे का? स्वतःचं एग की डोनर?’ उत्तर येते, ‘स्वतःचं.’ चार दिवसांनी रिपोर्टवर जोखीम लाल अक्षरांत छापून येते, आणि पोटात सुई घालून पाणी तपासायचे का, याची चर्चा सुरू होते.