लेखनविधीची परीक्षा : मेस्तकापासून यंत्र-कारकुनापर्यंत

कोणास कोणत्या मायन्याने पत्र लिहावे, हे सांगणारे ‘मेस्तक’ परंपरेने यादवकालीन हेमाद्रीचे मानले जाते. पुढे शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’ने कारभारातील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. अशा ग्रंथांचा वाचक कारकून होय. ग्रंथात जे सुटले, ते त्यास दफ्तरातील जाणत्यांस विचारता येई. आज कृत्रिम बुद्धीचा कारकून दस्तऐवज निर्यात करणारे साधन चालवितो, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा केवळ माहितीपुस्तिका असते. जे तीत नाही, ते तो तर्काने भरून काढतो. सबब या पुस्तिकेची परीक्षा अधिक कठोर हवी.

मराठीपुरती एक कसोटी पाहू. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत भेद केवळ रकाराच्या जोडणीचा. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दातील रकार दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ व हलन्त योजून, अथवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह योजून. दुसऱ्या रीतीत ते चिन्ह निर्यातीत गळाले, की स्वयंपाक्याचा गुरू होतो. साधन मात्र कार्यसिद्धीच कळविते. मुकुटबनसारख्या गावच्या जमिनीच्या कागदात एखादे नाव असे पालटले, तर मूळ प्रत पाहिल्याविना ते ध्यानात येणार नाही.

म्हणून कोणती चिन्हे टिकतात, कोणती गळतात आणि पडताळा कसा घ्यावा, हे पुस्तिकेने सांगितलेच पाहिजे. परीक्षकानेही केवळ वाचनावर न थांबता निर्यात झालेला मजकूर मुळाशी अक्षरशः ताडावा. जुन्या दफ्तरी यासच रुजुवात म्हणत.