आयरिश व्हिस्की आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट भेद

आयर्लंडमधील व्हिस्कीच्या दोन नामांकित छापांना दोन ख्रिस्ती पंथांशी जोडणारी लोकसमजूत. तिच्यानुसार जेमसन ही कॅथलिकांची, तर बुशमिल्स ही प्रोटेस्टंटांची व्हिस्की. अमेरिकेतील आयरिश वंशीयांच्या मद्यगृहांत ही समजूत विशेष रुजली असून ‘द वायर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतही तिचा उल्लेख येतो. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही.

उगम : समजुतीचे मूळ भूगोलात आहे. बुशमिल्स हे प्रोटेस्टंटबहुल गाव अँट्रिम परगण्यात असून १९२१ च्या आयर्लंडच्या फाळणीनंतर हा प्रदेश उत्तर आयर्लंडचा भाग म्हणून ब्रिटनकडे राहिला. राजा पहिला जेम्स याच्या कारकिर्दीत, १६०८ मध्ये, सर टॉमस फिलिप्स यांना या मुलखात मद्य गाळण्याचा परवाना मिळाला. ते साल आजही बाटलीवर छापले जाते. आसवनीची (मद्य गाळण्याच्या कारखान्याची) नोंद मात्र १७८४ मधील आहे. जेमसनची आसवनी डब्लिनच्या बो स्ट्रीटवर होती आणि १९७५ पासून ही व्हिस्की कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे तयार होते. दोन्ही ठिकाणे कॅथलिकबहुल आहेत. ग्राहकांनी गावाचा पंथ बाटलीला चिकटवला.

संस्थापक : जॉन जेमसन (१७४०–१८२३) हे स्कॉटलंडमधील अ‍ॅलोआ गावचे प्रोटेस्टंट. त्यांचे वंशज अँड्र्यू जेमसन हे बँक ऑफ आयर्लंडचे गव्हर्नर आणि ब्रिटनशी असलेले ऐक्य टिकवू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षाचे पुढारी होते. म्हणजे ‘कॅथलिक’ म्हणवली जाणारी व्हिस्की प्रोटेस्टंट घराण्याची. डब्लिनमधील खरे कॅथलिक घराणे पॉवर यांचे. जेम्स पॉवर यांनी १७९१ मध्ये आसवनी काढली. त्यांचे पुत्र सर जॉन पॉवर हे कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डॅनियल ओ’कॉनेल यांचे स्नेही होते. उलट बुशमिल्सचे पाणी ज्या ओढ्याचे, त्याला सहाव्या शतकातील आयरिश संत कोलंबा यांचे नाव आहे. पंथ वेगळे होण्याच्या सुमारे हजार वर्षे आधीचे हे संत दोघांनाही वंदनीय आहेत.

मद्यत्यागाची चळवळ : व्हिस्कीने संसार उद्ध्वस्त केले ते दोन्ही पंथांत आणि तिच्याविरुद्ध उभे राहिले तेही दोन्हींकडचे धर्मगुरू. बेलफास्टचे प्रेस्बिटेरियन धर्मगुरू जॉन एडगर यांनी १८२९ मध्ये घरातील व्हिस्की खिडकीतून अंगणात ओतून दिली. कॉर्कमध्ये कॅथलिक धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लाखो लोकांना मद्य सोडण्याची शपथ दिली.

मालकी : जेमसन, पॉवर आणि कॉर्कची आसवनी कंपनी यांनी १९६६ मध्ये एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स ही कंपनी स्थापन केली. उत्तर आयर्लंडच्या पंथीय संघर्षात सर्वाधिक बळी गेले ते १९७२ मध्ये. त्याच वर्षी बुशमिल्सही या गटाशी जोडली गेली. रस्त्यावर रक्त सांडत होते, तेव्हा या दोन ‘शत्रू’ व्हिस्की एकाच छपराखाली आल्या. १९८८ मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या पेर्नो रिकार समूहाने घेतली. २००५ मध्ये बुशमिल्स त्यातून बाहेर पडून दिआजिओ या मद्यकंपनीकडे गेली आणि २०१४ मध्ये ठरलेल्या व्यवहाराने मेक्सिकोच्या होसे कुएर्वो या टकीला-उत्पादकांकडे आली.

खरा फरक : दोहोंतील फरक धान्याचा आहे. बुशमिल्स येथे अंकुरित सातूची (मॉल्टची) व्हिस्की तीनदा गाळली जाते. दक्षिणेत मॉल्टवरील करामुळे अंकुरित आणि कच्चा सातू एकत्र गाळण्याची पद्धत बळावली. जेमसनमध्ये या व्हिस्कीला इतर धान्यांच्या हलक्या व्हिस्कीची जोड असते. अशीच हलकी व्हिस्की बुशमिल्सच्या मिश्र छापांसाठीही अनेक वर्षे मिडलटनहून जात आली आहे.

‘आयरिश व्हिस्की’ या नावाला असलेले भौगोलिक संरक्षण सीमेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे संपूर्ण बेटाला लागू आहे. त्यासाठी मद्य आयर्लंड बेटावर गाळलेले आणि तेथेच किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरलेले असावे लागते. गाळणाऱ्याचा पंथ त्यात कोठेही विचारलेला नाही.