आठ वर्षांचा मास्तर

मंडळी, या शनिवारी कोड नाही, इतिहास! विषय मात्र आपल्या धंद्याच्या जवळचाच आहे. शाळेतलं तंत्रज्ञान. टॅब्लेट, स्मार्ट टीव्ही, ॲप... आणि त्यासोबत हमखास येणारं वाक्य, 'आता मुलं स्वतःच शिकतील, एकमेकांना शिकवतील.' आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी अशी एखादी कल्पना घेऊन कॅन्टीनमध्ये बसलेलं असतंच. ही कल्पना किती जुनी आहे हे शोधत गेलो आणि थेट अठराव्या शतकातल्या मद्रासला पोचलो.

साल १७८९. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथाश्रमाची शाळा बघायला लागले. तिथे सैनिकांची पोरकी मुलं शिकायची. एकदा बेलसाहेबांच्या नजरेला एक देशी शाळा पडली. मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवत होती. ना कागद, ना शाई. चुकलं तर हात फिरवायचा, की पाटी कोरी! हे आपल्या शाळेत करा असं त्यांनी आपल्या मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, हे काही जमायचं नाही. मग बेलनी काय करावं? जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला बाराखडीचा तो वर्ग देऊन टाकला. आणि पोरानं तो चालवून दाखवला. पुढे वरच्या वर्गांतही मुलंच मुलांना शिकवू लागली. बेल १७९६ मध्ये मायदेशी परतले आणि १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचा अहवाल छापला.

आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना यात काही नवल वाटलं नसतं. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होतीच. फळीवर धूळ पसरायची आणि त्यात अक्षर काढायचं. पंतोजी एकच, मुलं सगळ्या वयांची. मोठा मुलगा पाढे सांगणार आणि बाकीची मागून म्हणणार.

आता पुढची गंमत बघा. १७९८ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टर या तरुणानं गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि हीच पद्धत प्रचंड मोठी केली. एक शिक्षक, शेकडो मुलं आणि मधे 'मॉनिटर'. आपल्या वर्गात बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर असायचा ना? हा त्याचा पूर्वज! १८१४ च्या एका पत्रात तर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कबूल केलं, की ही पद्धत हिंदुस्थानातून इंग्लंडात आली. आणि मग १८२० च्या दशकात, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, तीच पद्धत 'लँकेस्टर पद्धत' असं नाव लावून मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांत परत आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी मास्तर तयार झाले, त्यांच्यासाठी गणिताची पुस्तकं तयार झाली. आपलाच माल, वर विलायती शिक्का!

आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा यात नव्हता. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होतं, त्यामुळे मुंबईचे हे प्रयोग आमच्यापर्यंत लगेच आले नाहीत.

असो. मुद्दा असा, की इंग्लंडात ही पद्धत टिकली का? नाही. स्केल केल्यावर त्यातला जीवच गेला. मॉनिटर स्वतः अर्धवट शिकलेला, तो फक्त पाठ केलेलं म्हणून घ्यायचा. शंका विचारायला जागा नाही. शिस्तीसाठी लँकेस्टरच्या शाळांत बिल्ले होते आणि मुलांना टोपलीत बसवून छताला टांगण्यासारख्या शिक्षाही होत्या. शेवटी १८४६ मध्ये सरकारनं शिकाऊ शिक्षकांना पगार देऊन रीतसर तयार करायची योजना आणली आणि मॉनिटर मागे पडले. मला वाटतं, फ्रिस्कनला जमलं कारण बेल जवळ उभे होते. लंडनमध्ये मात्र 'एका मास्तराच्या पगारात किती मुलं' हा हिशोब आधी झाला आणि शिकणं नंतर.

हा हिशोब मला फार जवळून दिसतो, कारण माझी ताई मेहकर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या, दोन बाई. त्यातल्या एकीला मीटिंग किंवा ऑनलाइन माहिती भरायचं काम लागलं, की उरल्या एक. मग चौथीची मुलगी दुसरीच्या गटात जाऊन बसते आणि वजाबाकी समजावते. "अबे, हातचा घे ना पहिले!" ताई म्हणते, माझ्या दहा मिनिटांत होत नाही ते हिच्या एका वाक्यात होतं, कारण ही दोन वर्षांपूर्वी तिथेच अडली होती.

शाळेत स्मार्ट टीव्ही आहे. लोकवर्गणीतून आला, वीज असली की चालतो. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून पुढे आली. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कारही मिळाला. उत्तम कल्पना. पण ताईच्या गावात फोन बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर वावरात. संध्याकाळी एक फोन आणि भोवती चार पोरं. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीत कॉम्प्युटर बसवला होता, तेव्हाही असंच दिसलं. माऊस एकाच्या हातात आणि बाकीचे सूचना देणारे! शिकणं त्या घोळक्यात होतं.

म्हणून मला 'मुलं स्वतःच शिकतील' या वाक्याची थोडी भीती वाटते. त्याचा पुढचा अर्धा भाग 'म्हणजे शिक्षक कमी चालतील' असा निघतो. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्यासाठी राज्यात प्रस्ताव मागवले गेले. ताईच्या शाळेचा पट आज १८ आहे. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील हे मान्य. पण सहा वर्षांचं पोर पावसाळ्यात नाला ओलांडून रोज तिथे जाणार कसं, याचं उत्तर कुठल्याही ॲपमध्ये नाही.

तुमच्यापैकी कोणी शाळांसाठी काही बनवत असेल, तर दोनच गोष्टी विचारा. चार मुलांना मिळून हे वापरता येतं का? आणि एखादं मूल अडलं, तर ते बाईंना लगेच कळतं का? वाळूच्या पाटीला दोन्ही जमत होतं. फक्त शेजारी एक फ्रिस्कन लागायचा आणि त्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर, एक शिक्षक.