पुरुमेंत : गोव्याच्या घरातली पावसाळ्याची बेगमी

गोव्यात मे महिना उजाडला की घराघरात एकच शब्द ऐकू येतो, पुरुमेंत. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घरात भरून ठेवायचे सामान. शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आला. त्याचा अर्थ तरतूद, साठा. पण आमच्या जिभेवर तो असा काही रुळला की 'पुरणे' याच धातूतून निघाला असावा असे वाटते! घराला पुरेल ते पुरुमेंत. मराठीत यालाच आपण बेगमी म्हणतो. हा शब्दही बाहेरचाच, फारसी. बे-गम, म्हणजे ज्याला काळजी नाही तो. कोठी भरली की काळजी मिटली, एवढा साधा हिशेब त्यात आहे.

शब्द परके असले तरी रीत परकी नव्हे. पोर्तुगीज १५१० साली तिसवाडीत आले. त्याच्या कितीतरी आधीपासून इथला पाऊस असाच कोसळत होता. मृगाला, म्हणजे सात-आठ जूनच्या सुमाराला, एकदा पाऊस लागला की समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर आणि नद्यांना पूर. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचे आणि पावसाळाभर गलबतांना आत येणे अवघड होई. पूर्वेला सह्याद्री. घाटातल्या पाऊलवाटांवरून चिखलात बैल घालायला कोण धजणार? तेव्हा चार महिने गोवा हे जवळजवळ बेटच असे. घरात जे आहे त्यावर दिवस काढायचे.

काय काय भरत असत? पहिला मान उकड्या तांदळाचा. तो कणगीत नाहीतर गवताच्या मुडीत. मग आगरातले मीठ, कांद्यांच्या माळा, सुक्या मिरच्या, चिंच, भिरंडांची सोलां, कैरीची आंबसोलां, कुळीथ, अळसांदे, हळद, तिरफळां, नारळ, पापड, सांडगे, फणसाची साठां. आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या. मिठातले आंबे बरणीत. सुकी सुंगटां, गालमो, खारे बांगडे चुलीवरच्या माळ्यावर, म्हणजे धुराने कीड लागत नाही. शिवाय सुकी लाकडे, गोवऱ्या आणि चुडते. चूल पेटलीच नाही तर भरलेल्या कोठीचा उपयोग काय? ख्रिस्ती घरांत याला चोरीस आणि व्हिनेगरात मुरवलेले प्रकार जोडले गेले. बाकी यादी दोन्ही घरांची एकच.

या यादीतही इतिहास आहे. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणाचे काम मिरी, आले आणि तिरफळे करत होती. आज काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे (२०१९), हरमलच्या मिरचीलाही आहे. म्हणजे पाहुणी म्हणून आलेली मिरची घरची झाली. सोलां आणि तिरफळां मात्र इथलीच.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुरुमेंत ही हौस नव्हती, त्यामागे भीती होती. गोव्याला आपल्यापुरता तांदूळ कधी पिकवता आला नाही. खाजनात बांध घालून खारे पाणी अडवले, खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगुट भात लावले, तरी तूट राहिलीच. सोळाव्या-सतराव्या शतकात गोवा शहराचे पोट कानडा किनाऱ्यावरच्या तांदळावर चाले. होन्नावर, बसरूर, मंगळूर इथे पोर्तुगीजांनी किल्ले धरले होते त्यामागे मिरीच्या व्यापाराइतकीच तांदळाचीही ओढ होती. सतराव्या शतकाच्या मध्याला केळदीच्या शिवप्पा नायकाने ते किल्ले घेतले तेव्हा राजधानीच्या ताटावरच घाला आला. पुढे पोर्तुगीजांना केळदीशी तांदळासाठी बोलणी करावी लागली.

घाटावरून येणाऱ्या धान्याची वेगळी कथा आहे. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य घेऊन खाली उतरत आणि मीठ लादून वर जात. मीठ वर, तांदूळ खाली, असा हा शतकांचा व्यवहार. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने इथल्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि मिठावर त्यांचा कर बसला. हा तह १८९२ मध्ये संपला. पण मधल्या वर्षांत आगरवाले आणि मासे खारवणारे भरडून निघाले. ज्याच्या दारात मीठ पिकते त्यालाच मीठ महाग! याच तहातून मुरगावची रेल्वे आली आणि १८८८ पासून घाटावरचा माल आगगाडीने उतरू लागला. सोय झाली, पण घाटावरचे अवलंबूनही वाढले.

त्याची किंमत १९५५ मध्ये कळली. गोवा सोडायला पोर्तुगाल तयार होईना म्हणून भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, बेळगावची भाजी थांबली. मग पोर्तुगीज सरकारने पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडहून बटाटे आणि सिलोनहून चहा मागवला. आपल्या शेजारच्या बेळगावचा बटाटा बंद आणि सात समुद्रांपलीकडचा बटाटा बाजारात, असा तो काळ! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाट पुन्हा मोकळे झाले.

पण पुरुमेंताचे गोडवे गाताना एक कटू गोष्ट झाकू नये. बेगमी करायला आधी शिल्लक लागते. भाटकाराची कणगी भरत होती, मुंडकाराची नव्हे. दुसऱ्याच्या शेतात राबून जो खंड देई, त्याच्या घरात श्रावणापर्यंत भात पुरतेच असे नाही. मग उधारी, मग पुढच्या पिकावर कर्ज. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांना महत्त्व आहे ते यासाठीही. कोठी कोणाची भरते, हा प्रश्न जमीन कोणाची या प्रश्नाला चिकटलेला आहे.

आणि कोठी भरत कोण होते? बायका. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवणे, सोलांना पुन्हापुन्हा रस लावून सुकवणे, पापड लाटणे, मासळी खारवणे, हे सारे त्यांचे. त्याचे फळ त्यांना आषाढात मिळे. लावणीच्या दिवसांत पहाटेपासून पाय चिखलात. घरी येऊन निगुतीने रांधायला वेळ कुठला? तेव्हा पेज, भाजलेला खारा बांगडा, गालम्याचे किसमूर, आठळ्या घालून कुळथाची आमटी, सोलांची कढी. अर्ध्या घटकेत ताट तयार! झटपट स्वयंपाक हा आजचा शोध नव्हे. उन्हाळ्यातले श्रम बरणीत भरून ठेवायचे आणि पावसाळ्यात ते बाहेर काढायचे, एवढीच ती युक्ती.

आज फ्रीज आहे, दुकाने बारमाही आहेत. तरीही मे महिन्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार फुलतो आणि मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पुरुमेंताचे फेस्त भरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून खाऱ्याला गिऱ्हाईक आहेच. आणि गरज संपली असे म्हणावे, तर मार्च २०२० आठवावा. टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत गोव्यात वाणसामानाची दुकानेही बंद होती. बेळगावहून येणाऱ्या दुधा-भाजीची वाट पाहताना, माळ्यावर सोलां आणि कुळीथ असलेल्या घराला जरा धीर होता.

म्हणून वाटते, पुरुमेंत केवळ आठवणींच्या फडताळात ठेवू नये. चार महिन्यांचा साठा आज कोणी करणार नाही, करूही नये. पण महिनाभराचे तांदूळ, दोन कडधान्ये, मीठ, सोलां, चिंच, मिरची आणि चार नारळ इतके घरात असावे. आमचा प्रदेश लहान आहे, आणि त्याचे ताट अजूनही घाटावरूनच भरते.