समतेची हद्द कोठवर?

समतेने समाजाचे भले होते, की सगळेच सारखे कंगाल होतात, असे आम्हांला गेटसभेतही विचारतात. आमचे अर्थशास्त्र कॉलेजातले नव्हे. तेव्हा तत्त्वचर्चा पंडितांवर सोपवून आम्ही एक घडलेली गोष्ट सांगतो.

पूर्वी उसाचा भाव खाजगी कारखानदार ठरवी आणि शेतकरी हात जोडून उभा राही. मग तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष झाला आणि १९५०-५१ साली प्रवरेच्या सहकारी कारखान्यात गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातला हा पहिला. दोन एकरवाला असो की पन्नास एकरवाला, मत एकच! त्या एका मताच्या जोरावर पुढे खेड्यांत शाळा, दवाखाने, रस्ते आले. (सहकारात घराणी माजली, हेही खरे, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.) समतेने भले होते, याला आम्हांला दुसरा पुरावा नको.

परंतु ऊस तोडतो कोण? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनामागच्या मजुरीतून फेडायची. ही माणसे सभासद नाहीत आणि कारखान्याच्या हजेरीपटावरचे कामगारही नाहीत. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एका कारखान्यात आम्ही विचारले, “तोडणीला बायका किती?” साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, “कोयते सांगतो.” बायकांचा रकानाच नव्हता. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा ती वही आम्हांला आठवली.

हे अटळ नव्हते. मुंबईच्या हमालालाही एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या झुंजीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी रजा. ऊसतोड्यांसाठी २०१९ साली महामंडळ जाहीर झाले खरे, पण मजुरी मंडळामार्फत देण्याची ती रीत फडापर्यंत पोचली नाही. म्हणून बाजारात साखरेचे पोते उचलणाऱ्या नोंदणीकृत माथाड्याचा फंड कापला जातो, आणि त्याच साखरेच्या उसाची मोळी डोक्यावरून ट्रकवर चढवणाऱ्या बाईचे नाव मुकादमाच्या वहीतसुद्धा नसते.